ओल्या प्लायावर तीन रात्री : अल्व्हर्ड वाळवंटात रुतलेल्या एका आरव्हीचं प्रकरण

हे प्रकरण एका मराठी कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सगळे सुखरूप परतले, त्यामुळे काय घडलं ते त्यांच्याकडूनच तासातासानं समजून घेता आलं. आरव्हीनं, म्हणजे आत ओटा-पलंग असलेल्या राहायच्या गाडीनं, वाळवंटात जाणारे बहुतेक जण पाण्याची काळजी करतात. इथे पाणी शेवटपर्यंत पुरलं. संपत आली ती बॅटरी, आणि तीही स्वयंपाकाच्या आणि उबेच्या प्रोपेन गॅसची टाकी अर्धी भरलेली असताना.

पार्श्वभूमी

अल्व्हर्ड वाळवंट अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, हार्नी काउंटीत आहे. काउंटी दहा हजार चौरस मैलांहून मोठी आणि वस्ती साडेसात हजारांच्या आसपास. पश्चिमेला स्टीन्स पर्वताची ९,७३३ फुटांची भिंत. पॅसिफिककडून येणारे ढग तिच्या पलीकडेच रिकामे होतात, म्हणून पूर्वेच्या पायथ्याशी वर्षाला जेमतेम सात इंच पाऊस पडतो. तिथेच, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० फुटांवर, बारा मैल लांब आणि सात मैल रुंद असा सपाट प्लाया पसरला आहे. प्लाया म्हणजे आटलेल्या तळ्याचा तळ. वाळू नाही, बारीक चिकणमाती. वाळली की फरशीसारखी टणक होते. स्टंट करणाऱ्या किटी ओ'नील यांनी १९७६ मध्ये याच जमिनीवर रॉकेटच्या गाडीनं ताशी ५१२ मैलांचा वेग गाठला होता. भिजली की मात्र वरचा थर पाणी खाली जिरू देत नाही आणि सगळं मैदान चिकट, घसरडं होतं. एकच जमीन, पण एका सरीनं तिचा स्वभाव पूर्ण पालटतो. अल्व्हर्डला जाणाऱ्यानं आधी हे समजून घ्यायला हवं.

प्लायाचा बहुतेक भाग ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या ताब्यात आहे. अशा जमिनीवर साधारणपणे चौदा दिवस फुकट मुक्काम करता येतो. नळ, वीज, कचराकुंडी, काही नाही. सगळ्यात जवळचा पेट्रोल पंप आणि दुकान दक्षिणेला सुमारे २५ मैलांवरच्या फील्ड्स या चिमुकल्या वस्तीत. त्याहून मोठं गाव म्हणजे बर्न्स, फील्ड्सच्या उत्तरेला सुमारे ११० मैल. प्लायावर मोबाइलला रेंज धरून चालू नये.

कुटुंबात पाच जण होते. चाळिशीतलं जोडपं, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले आजी-आजोबा. आजोबा ७१ वर्षांचे. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, आणि झोपेत श्वास अडकत असल्यानं रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र, लावून झोपायचे. हे यंत्र पुढे फार महत्त्वाचं ठरलं. आजोबांना आकाशगंगा बघायची होती. शेजारच्या लेक काउंटीतला पंचवीस लाख एकरांचा पट्टा २०२४ मध्ये अंधाऱ्या आकाशाचं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. अल्व्हर्डचं आकाश त्याच तोडीचं. ऑक्टोबरमधली अमावास्या धरून त्यांनी आठवडाभरासाठी क्लास सी आरव्ही भाड्यानं घेतली. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, मागे जोडचाकं, माणसं-सामानासकट साडेसहा टनांच्या घरात जाणारी गाडी. फक्त मागची चाकं ओढणारी.

पहिला निर्णय : पेट्रोल

त्यांनी ५५ गॅलनची टाकी वाटेतल्या बेंड शहरात भरली. बर्न्सला काटा पाऊण टाकीच्या आसपास होता म्हणून थांबले नाहीत, आणि फील्ड्सला पोचेपर्यंत आजोबा थकले होते म्हणून पुढे निघाले. अशी गाडी एका गॅलनला नऊ मैल देते. प्लायावर पोचून पहिल्या रात्री थोडा जनरेटर चालवल्यावर टाकी चाळीस टक्क्यांवर आली.

परतीच्या प्रवासाला एवढं भरपूर होतं. पण क्लास सी गाडीतला जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो, आणि त्याची नळी मुद्दाम वर ठेवलेली असते; पाव टाकी उरली की जनरेटर बंद पडतो, म्हणजे गाडी चालवून बाहेर पडण्यापुरतं पेट्रोल राखलं जातं. म्हणजे २२ गॅलनपैकी जनरेटरच्या वाट्याला आठच आले. भाड्यानं आरव्ही घेणाऱ्यांना ही गोष्ट सहसा कोणी समजावून सांगत नाही. काटा चाळीस टक्के दाखवत असला तरी विजेच्या हिशेबानं टाकी जवळपास संपलेली असते.

दुसरा निर्णय : जागा

शुक्रवारी दुपारी प्लाया खडखडीत होता. पश्चिम काठाला, रस्त्याच्या बाजूला, चार-पाच गाड्या आधीच उभ्या होत्या. तिथली जमीन जराशी उंच, खडीमिश्रित आहे. पण शेजाऱ्यांचे दिवे डोळ्यांत येणार आणि आकाश बघायला आलेल्या माणसाला तेच नको असतं. नवऱ्यानं गाडी दोनेक मैल आत नेली. बायकोनं विचारलं होतं, "पाऊस आला तर?" तिच्या फोनवर बर्न्सला शेवटचा अंदाज दिसला तेव्हा शनिवारी वीस टक्के शक्यता होती. "वीस टक्केच आहे अगं," असं म्हणून विषय संपला.

वीस टक्के हा आकडा मला या प्रकरणात सारखा टोचतो. काठावर उभ्या असलेल्या गाडीसाठी तो खरोखर छोटा आहे. तीच गाडी दोन मैल आत असेल, तर त्याच आकड्याचा अर्थ होतो की पाचातल्या एका वेळी आपण दिवसचे दिवस इथून हलू शकणार नाही. शक्यता तीच राहते, किंमत बदलते. त्यांनी शक्यतेचा विचार केला, किमतीचा केला नाही. ती रात्र मात्र मनासारखी गेली. आजोबांना आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत दिसली.

तिसरा निर्णय : शनिवारची दुपार

दुपारी एकच्या सुमारास स्टीन्सच्या माथ्यावर ढग जमू लागले. आतल्या बाजूला मुक्काम केलेल्या दोन व्हॅन निघून गेल्या. एक पिकअपवाला वाट वाकडी करून त्यांच्याकडे आला, काच खाली करून म्हणाला की पाऊस येईलसं दिसतंय, मी काठाला जातोय. त्यांनी आभार मानले. आजोबांचा डोळा नुकताच लागला होता. त्यांना उठवायचं, खुर्च्या-टेबल आवरायचं, सामान बांधायचं, तर तासभर तरी मोडला असता. मुलीची आणि आजीची पत्त्यांची बैठक रंगली होती. थांबू या, असं ठरलं. खरं तर ठरलं असंही नाही. कोणी उठलं नाही, एवढंच.

चारला बारीक सरी सुरू झाल्या. नवऱ्याला वाटलं थांबेल. पाऊण तासानं त्यानं गाडी सुरू केली तेव्हा वरची माती बुटांना चिकटायला लागली होती. शंभरेक मीटर गाडी गेली, मग मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि डावी बाजू खाली बसली. त्यानं पुढे-मागे करून दोनदा जोर लावला. बायको ओरडली, "अरे थांब, खड्डा खोल होतोय!" तो थांबला. चाकं रिमपर्यंत गेली होती. त्या थांबण्याचं मोल मोठं आहे. आणखी दोन-चार मिनिटं ॲक्सिलरेटर दाबला असता तर गाडीचं पोट मातीला टेकलं असतं आणि मंगळवारची सुटका इतक्या सहज झाली नसती.

अडचण

संध्याकाळी सहाला त्यांनी आरव्हीतल्या छोट्या टेबलाभोवती बसून हिशेब मांडला. बायकोनं भाडेकराराच्या पाठकोऱ्या पानावर तो लिहिला आणि ते पान मी पाहिलं आहे.

पाणी टाकीत पंचवीस गॅलन, म्हणजे पंचाण्णव लिटरच्या आसपास, शिवाय बाटल्या. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी चार लिटर धरले तर दिवसाला वीस लिटर. चार दिवस आरामात. जेवणही तेवढंच, डाळ-तांदूळ होते, आणि एकाच भांड्यात होणाऱ्या खिचडीला पाणीही कमी लागतं. गोळ्या आठवड्याभराच्या. प्रोपेन अर्धी टाकी.

मग वीज. गाडीच्या राहत्या भागाला वीज देणाऱ्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या, मिळून २०० अँपिअर-तासांच्या (एक अँपिअर तासभर वापरला की एक अँपिअर-तास खर्च). अशी बॅटरी निम्म्याखाली उतरवली की खराब होऊ लागते, म्हणून वापरायचे शंभरच. मीटर १२.२ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास. खर्च असा होता : फर्नेस, म्हणजे गाडी उबदार ठेवणारी भट्टी, प्रोपेनवर चालतो, पण गरम हवा ढकलणारा पंखा बारा व्होल्टवर चालतो. पंखा फिरला नाही तर फर्नेस पेटतच नाही. तो सुमारे आठ अँपिअर घेतो. दहा तासांच्या रात्रीत निम्मा वेळ चालला तरी चाळीस अँपिअर-तास. सीपॅप इन्व्हर्टरवर, हवा दमट करणाऱ्या हीटरसकट, तासाला पाचेक अँपिअर-तास. आठ तासांचे आणखी चाळीस. फ्रिजचा कंट्रोल बोर्ड, गॅसचा अलार्म, पाण्याचा पंप, दिवे मिळून दहा-पंधरा. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा एका रात्रीत सुरक्षित मर्यादेला टेकली असती, आणि त्यांची पूर्ण भरलेली नव्हती. बाहेर पारा शून्याखाली जाणार होता. उंचावरच्या वाळवंटात कोरडी हवा उष्णता धरून ठेवत नाही. दिवसा स्वेटरशिवाय बसता येतं आणि पहाटे पाण्याच्या बादलीवर बर्फ येतं.

आरव्हीत बसलेल्या माणसाला आपण घरात आहोत असं वाटतं. ओटा आहे, गाद्या आहेत, शॉवर आहे. पण त्या घराची ऊब दोन बॅटऱ्यांवर टेकलेली असते.

पर्याय

पहिला पर्याय नवऱ्याचा होता : चालत काठापर्यंत जायचं. पश्चिमेला काठावर खासगी गरम पाण्याच्या झऱ्याचं आवार आहे, तिथे माणसं असतात. दोन-अडीच मैलांवर एक दिवाही दिसत होता. दिवसा, कोरड्या जमिनीवर, हे तासाभराचं काम. पण अंधार पडत होता, पाऊस चालू होता आणि प्रत्येक पावलाला बुटाला मातीचे थर चढत होते. आजोबांनी एकच प्रश्न विचारला : "तू वाटेत पाय मुरगळून बसलास, तर आम्हाला कळणार कसं?" उत्तर नव्हतं.

या भागाचा इतिहासही हेच सांगतो. २००६ मध्ये नैऋत्य ओरेगनच्या डोंगरात बर्फात अडकलेल्या एका कुटुंबातले वडील मदत आणायला चालत निघाले आणि थंडीनं गेले. गाडीपाशी थांबलेली आई आणि दोन लहान मुली वाचल्या. २०२२ मध्ये नेवाडात मोटारहोम रुतल्यावर एका वृद्ध जोडप्यानं मागे जोडून आणलेली छोटी गाडी सोडवून वाट धरली, तीही रुतली, आणि त्यात पतीचा जीव गेला. गाडी शोधणाऱ्याला दुरून दिसते, चालणारा माणूस दिसत नाही.

दुसरा पर्याय, पायपुसणी आणि फळ्या चाकांखाली घालून आत्ताच गाडी काढायची. ती निघालीही असती कदाचित, पण पुढे दोन मैल तसाच चिखल. एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात घालायची, एवढंच झालं असतं.

तिसरा, उपग्रहावरून एसओएस. बायकोच्या आयफोनवर ती सोय होती. तिचं मत होतं की वयस्कर माणूस बरोबर आहे, बटण दाबू या. नवऱ्याचं मत : कोणालाही दुखापत नाही, आणि ओल्या प्लायावर मदतीची गाडी आणली तर तीच रुतेल. ओरेगनमध्ये शोध आणि बचावाची जबाबदारी काउंटीच्या शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाची असते, आणि इतक्या मोठ्या काउंटीत तिथली माणसं किती लांबून येणार हाही विचार होता.

वाद थोडा तापला. तो आजींनी मिटवला. त्या म्हणाल्या, "आत्ता दाबायचं की नाही यावर भांडू नका. काय झालं की दाबायचं, ते लिहून ठेवा."

या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, असं मला मनापासून वाटतं. बायकोनं त्याच पानावर चार अटी लिहिल्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला आणि कारण सापडलं नाही तर. आजोबांना छातीत दुखलं किंवा धाप लागली तर. झोपायच्या आधी मीटर १२ व्होल्टच्या खाली असेल आणि वर आणता येत नसेल तर. कोणालाही थंडीची थरथर थांबत नसेल तर. चारांतलं एकही घडलं की चर्चा न करता एसओएस. थकलेली, घाबरलेली माणसं मध्यरात्री बाजू तोलत बसतात आणि वेळ हातातून जाते. संध्याकाळी सहाला, पोटात अन्न असताना लिहिलेली अट त्यांच्या वतीनं निर्णय घेते.

चौथा पर्याय वादातून पुढे आला आणि तोच घेतला : जागीच थांबायचं, पण बाहेरच्या जगाला लगेच कळवायचं. आयओएस १८ पासून, म्हणजे २०२४ च्या शरदापासून, आयफोनवरून साधा निरोपही उपग्रहामार्फत पाठवता येतो. बायकोनं पोर्टलँडमधल्या भावाला लिहिलं : चिखलात रुतलोय, सगळे ठीक, पाणी-जेवण चार दिवसांचं, अक्षांश-रेखांश हे, सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहाला निरोप येईल, सलग दोन निरोप चुकले तर शेरीफला बचावासाठी सांग. एका निरोपात त्याला सगळं मिळालं. त्यानं शेरीफच्या बिनतातडीच्या क्रमांकावर नोंद केली, आणि भाड्याच्या कंपनीला फोन लावला. कंपनीची मदतसेवा पक्क्या रस्त्याबाहेर येत नाही. करारातच डांबरी रस्ता सोडायला मनाई होती. अनेक भाडेकरारांत हे कलम असतं आणि अनेक जण ते न वाचता सही करतात.

रात्री कशा काढल्या

जनरेटर सुरू करण्याआधी नवरा बाहेर गेला आणि एक गोष्ट त्याच्या लक्षात आली, जी सहज सुटली असती. गाडी डाव्या बाजूला बसली होती आणि जनरेटरच्या धुराचं तोंड त्याच बाजूला, आता जमिनीपासून वीतभर. धूर गाडीखाली कोंडून फटींतून आत येऊ शकत होता. त्यानं फावड्यानं तोंडापुढची माती दूर केली, वाऱ्याची दिशा पाहिली, वाऱ्याकडची खिडकी बोटभर उघडी ठेवली, अलार्मचं बटण दाबून तो वाजतोय का पाहिलं. ठरलं की सगळे जागे असतानाच जनरेटर चालेल : संध्याकाळी तीन तास, सकाळी दीड. झोपेत कधीच नाही.

आजोबांनी सुचवलं होतं, "फर्नेसचा पंखा वीज खातो, तर शेगडी पेटवून ठेवू या का रात्रभर? गॅस तर आहे." सूनबाईंनी समजावलं, "नको बाबा. बंद गाडीत उघडी आच प्राणवायू खाते आणि विषारी वायू सोडते. झोपेत कळणारही नाही." हा मोह फार जणांना होतो, कारण प्रोपेन भरपूर दिसत असतो.

खर्च त्यांनी दोन ठिकाणी कापला. फर्नेस ५५ अंश फॅरनहाइटवर, आणि सीपॅपचा दमटपणाचा हीटर बंद. हीटरशिवाय यंत्र निम्म्याहून कमी वीज घेतं. आजोबांचं नाक कोरडं पडलं, घसा खवखवला, पण यंत्र रात्रभर चाललं. फ्रिज बंद केला; असे फ्रिज तिरक्या गाडीत चालवणं तसंही बरं नव्हे, आणि दूध बाहेरच्या कप्प्यात गार राहत होतं. ड्रायव्हरच्या वरचा पलंग सगळ्यात थंड, म्हणून पाचही जण मागच्या भागात झोपले, पुढच्या काचेवर आणि मधे पांघरुणांचे पडदे लावून. रात्रीचा खर्च शंभरावरून साठावर आला. पहाटे मीटर १२.२.

रविवारी पहाटे पाचला नवऱ्याच्या मनात आलं की जमीन गोठली आहे, आत्ता गाडी काढावी. बाहेर जाऊन त्यानं टाच जोरात आपटली. पापुद्रा फुटला, खाली लोणी. एका माणसाच्या टाचेनं फुटणारा थर साडेसहा टन पेलणार नव्हता. पुढे दोन दिवस दर काही तासांनी हीच परीक्षा घेतली गेली. रविवारी दुपारी ऊन आणि वारं होतं, वरून प्लाया पांढरा, कोरडा दिसत होता. तरी काठी चार बोटं आत जात होती. दिसतं कोरडं आणि असतं ओलं, हे दीड दिवस चाललं.

तोवर भावानं फोनवरून फील्ड्सच्या बाजूचा एक टो-ट्रकवाला शोधला होता. त्यानं स्पष्ट सांगितलं : ऊन-वारा लागू द्या, मंगळवारच्या आधी मी प्लायावर चाक ठेवणार नाही. काठावरच्या कोणीतरी दुर्बिणीतून आरव्ही दिसते आहे असंही भावाला कळवलं. उपग्रहावरून हे वाचल्यावर आजींना पहिल्यांदा नीट झोप लागली.

सोमवारी संध्याकाळी जनरेटर खोकून बंद पडला. काट्यावर पाव टाकीच्या जरा वर पेट्रोल होतं, पण गाडी तिरकी असल्यानं नळी आधीच उघडी पडली. मीटर १२.१. रात्र काढायची तर तो सकाळपर्यंत अकरा व्होल्टच्या घरात आला असता. अटीच्या पानावरची तिसरी ओळ जवळ आली. शेवटची वाट म्हणजे गाडीचं मुख्य इंजिन. ते चालू ठेवलं की घराच्या बॅटऱ्यांनाही चार्ज मिळतो. त्यात राखीव पेट्रोल जातं. त्यांनी हिशेब केला : चौदा गॅलनच्या आसपास उरलंय, फील्ड्सपर्यंत तीन लागतील. धुराड्यापुढची माती काढून, एक जण बाहेर उभा राहून, दोन तास इंजिन चालवलं. मीटर वर आला, अट लागू झाली नाही. पण चौथी रात्र असती तर हा उपाय पुन्हा जपून वापरावा लागला असता, आणि पाणी तेव्हाही पंधरा-वीस लिटर शिल्लक होतं.

निष्पत्ती

मंगळवारी दुपारी टो-ट्रक आला. चालकानं दर काही अंतरावर उतरून जमीन तपासली. चाकांपुढे उतार खणला, जॅकनं डावी बाजू उचलून फळ्या सरकवल्या, दोर लावून सरळ रेषेत ओढलं. अर्ध्या तासाचं काम. पैसे आठवड्याच्या भाड्याहून जास्त पडले, आणि भाड्याच्या कंपनीनं करारभंगाचे व गाडीखालच्या क्षारयुक्त मातीच्या साफसफाईचे वेगळे लावले. आजोबांचा घसा आठवडाभर दुखला. बाकी कोणाला काही झालं नाही. निघण्याआधी त्यांनी चाकांच्या चऱ्या फावड्यानं बुजवल्या. ओल्या प्लायावर पडलेले ओरखडे पुढच्या मोठ्या पाण्यापर्यंत तसेच राहतात, नंतर येणाऱ्याच्या चाकांनाही धोक्याचे असतात.

वेगळं काय करता आलं असतं

जागेचा निर्णय आणि शनिवारी दुपारी एकचा निर्णय, या दोन्हींत मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन मैल आत जाण्यात मुळात चूक नव्हती. स्वच्छ अंदाज असेल तर लोक जातात आणि उत्तम रात्र काढून येतात. पण आत जायचं तर बाहेर पडण्याची अटही आधीच ठरलेली हवी : स्टीन्सवर ढग जमले की आवराआवर, कोणी झोपलं असलं तरी. एसओएससाठी त्यांनी ज्या प्रकारच्या अटी लिहिल्या, तशीच एक ओळ शुक्रवारी लिहिली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पिकअपवाल्याचा शब्दही त्या ओळीत बसला असता. स्थानिक माणूस वाट वाकडी करून सांगायला येतो, तेव्हा तो हवामानाच्या अंदाजापेक्षा ताजी माहिती देत असतो.

पेट्रोल फील्ड्सला भरायला हवं होतं. वीस मिनिटं गेली असती आणि जनरेटरला आठाऐवजी पस्तीस-चाळीस गॅलन मिळाले असते.

सीपॅपसाठी थेट बारा व्होल्टवर चालणारी वायर मिळते. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज तिनं वाचते. आजोबांच्या यंत्राला ती बसते हे त्यांना परतल्यावर कळलं. शंभर वॉटचं घडीचं सौर पॅनेलही ऑक्टोबरच्या उन्हात दिवसाला पंचवीस-तीस अँपिअर-तास देतं, म्हणजे काटकसरीनं काढलेली अर्धी रात्र, पेट्रोल न जाळता.

एसओएस पहिल्याच संध्याकाळी दाबायला हवा होता का, यावर त्या दोघांचं आजही एकमत नाही. माझं मत बायकोच्या बाजूला झुकतं, पण तिच्याइतकं ठाम नाही. सीपॅपवरचा ७१ वर्षांचा माणूस, शून्याखालची रात्र आणि साठ टक्के बॅटरी, एवढ्यावर कोणी बटण दाबलं असतं तर मी त्याला घाबरट म्हटलं नसतं. भावाला गेलेला सविस्तर निरोप आणि शेरीफकडची नोंद नसती, तर मात्र न दाबणं सरळसरळ चुकीचं होतं. या सोयीला एक मर्यादाही आहे : तो एकच फोन होता. तो पडून फुटला असता किंवा थंडीत त्याची बॅटरी बसली असती तर चारही अटी कागदावरच राहिल्या असत्या. पुढच्या सहलीसाठी त्यांनी वेगळं उपग्रह-संदेशयंत्र घेतलं, आणि निघण्याआधी भावाकडे ठिकाणाबरोबर निरोपाच्या वेळाही लिहून दिल्या. शुक्रवारी त्याच्याकडे फक्त ठिकाण होतं. फोन नसता, तर तो रविवारी रात्री ते घरी पोचायच्या वेळेपर्यंत निर्धास्त राहिला असता.